लिंबाचा उपास

इब्राहिमिया, अलेक्झांड्रिया
बरमहात महिना, ईद उलटून दुसरा दिवस

प्रिय आणि (निव्वळ वयाने) आदरणीय मार्सेलताई,

तुला प्रेमाचा नमस्कार, तुझ्या उजव्या गुडघ्याला नमस्कार, आणि ज्याचं ऑपरेशन व्हायचं राहिलं आहे त्या डाव्या गुडघ्याला धीराचे दोन शब्द. रमसीस फोनवर म्हणाला की आई आता घरातल्या घरात काठीशिवाय चालते आणि काठी फक्त मोलकरणीला दिशा दाखवायला वापरते. ऐकून बरं वाटलं. माझी प्रकृती उत्तम आहे. दमा आहे, पण तो शेजाऱ्यांमुळे बळावतो, हवेमुळे नाही. डॉक्टरांना हा फरक समजत नाही, म्हणून मी त्यांच्याकडे जाणं सोडलं. मोठा उपास चालू आहे, त्यामुळे मसूर, वांगी, ताहिनी आणि पुन्हा मसूर. तू उपास धरला आहेस की गोळ्यांचं निमित्त सांगून पाद्रीबाबांकडून सूट मिळवलीस, हे मी विचारत नाही. (मिळवली असशील तर सध्या चीज कुठलं खातेस तेवढं कळव. नुसतं नाव वाचूनही बरं वाटेल.)

आता मुद्द्याचं. तू मला कायमची राहायला बोलावतेस आणि मी दर वेळी हवामानाचं कारण देऊन टाळते, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. हे वाक्य मला लागलं, कारण ते खरं आहे. पुढे लिहिलंस की ती खोली बंद राहून राहून तिला कुबट वास यायला लागला आहे, आणि ईस्टरपर्यंत माझं हो की नाही ते कळलं नाही, तर रमसीसच्या मेव्हणीची मुलगी, जी दातांची डॉक्टर व्हायला शिकते आहे, तिला ती देऊन टाकशील. तर उत्तर ऐक. हो. मी येते. इब्राहिमिया सोडते, समुद्र सोडते, माझी गच्ची सोडते. तुझ्या बाल्कनीत प्लॅस्टिकचं गवत आहे आणि त्यावर तू व्हॅक्यूम क्लीनर फिरवतेस, हे माहीत असूनही येते. इथे माझ्यावर काय वेळ आली आहे ते यावरून तुझ्या लक्षात यावं.

वेळ आणली ती कप्तान बहगत यांनी. तू त्यांना पाहिलं आहेस. माझ्या शेजारच्या फ्लॅटमधले, मालवाहू जहाजावरून निवृत्त झालेले, विधुर, मिशी पांढरी, आवाज धुक्यातल्या भोंग्यासारखा. वरच्या मजल्यावर आमचे दोनच फ्लॅट आणि दोघांत मिळून एक गच्ची, मध्ये गुडघाभर भिंत. भिंतीच्या अलीकडे माझा मोगरा, जिरेनियम, पुदिना आणि रिहान, सगळे पांढऱ्या चीजच्या नाहीतर तुपाच्या रिकाम्या डब्यांत. पलीकडे त्यांची झाडं, आडव्या कापलेल्या तेलाच्या पिंपांत. सगळी पिंपं जहाजाच्या राखाडी रंगात रंगवलेली आणि एका रेषेत उभी, जणू कोणी बडा अधिकारी तपासणीला यायचा आहे. रोज सकाळी मी कॉफी घेऊन भिंतीशी येते, ते चहा घेऊन येतात (रमजानमध्ये नुसतेच येतात आणि माझ्या कॉफीकडे पाहत नाहीत, आणि हे न पाहणं मोठा आवाज करणारं असतं), आणि आम्ही हवेबद्दल बोलतो. कैरोत बसून तुला हे कळायचं नाही. तुमच्याकडे हवा म्हणजे धूळ आहे किंवा धूळ नाही. आमच्याकडे हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाला नाव आहे आणि यायचा दिवस आहे, केरसुणी, कासिम, धाकटं ऊन, हुसूम, थोरलं ऊन आणि शेवटी अव्वा, आणि ते सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलं असतं. कप्तानांचा त्या तक्त्यावर धर्मग्रंथाखालोखाल विश्वास. वादळ आलं नाही तर तक्ता चुकला असं ते म्हणत नाहीत, वादळाला निघायला उशीर झाला म्हणतात. मी आपल्या जुन्या महिन्यांवर चालते. अमशीरमध्ये वारा, बरमहातमध्ये कोंब, फेरोंच्या वेळेपासून शेतकरी यावर पेरत आले आहेत. ते म्हणतात, मदाम, फेरोंना समुद्रातलं काय कळत होतं. मी म्हणते, कप्तान, आणि तुम्हाला मातीतलं. इतकी वर्षं आमचं हे असं सुखाने चाललं होतं.

आता त्या राखाडी रांगेतलं मानाचं पिंप म्हणजे लिंबाचं. उन्हाळ्यात त्याची लिंबं कप्तान स्वतः जिना उतरत दारोदार वाटतात, आणि प्रत्येक दारात थांबून त्या लिंबाचं इतकं वर्णन करतात की घेणाऱ्याला ते फुकट मिळालं असं कधी वाटत नाही. यंदा अमशीर संपता संपता माझ्या लक्षात आलं की या झाडाची पानं वळायला लागली आहेत. आधी नुसती टोकं, मग अख्खं पान, सिगारेटच्या कागदासारखं. मध्ये दोनदा छान हलका पाऊस झाला. अशा वेळी आम्ही सगळे आपापले डबे उघड्यावर सरकवतो, समुद्राचे खारे शिंतोडे अंगावर घेऊन कंटाळलेल्या पानांना तेवढीच गोड्या पाण्याची अंघोळ. आणि हा मनुष्य काय करतो, तर आपलं लिंबाचं पिंप घामाघूम होऊन छपराखाली ओढून घेतो. एक थेंब लागू देत नाही. मी म्हटलं, कप्तान, झाडाला तहान लागली आहे. ते म्हणाले, असं का. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कप्तान, पानं वळलीत. ते म्हणाले, यंदा थोरलं ऊन दोन दिवस लवकर येणारसं दिसतंय. विषय बदलायचं शिक्षण बहुधा जहाजावरच देत असावेत.

मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला. माणूस एकटा, वय झालेलं, त्यात रोजे, डोकं हलकं होतं, पाणी घालायचं राहून जातं आणि कबूल करायची लाज वाटते. तू म्हणशील तुला काय करायचं होतं. तर आपण दोघी एकाच कॉन्व्हेंटात वाढलो ना. मदर क्लोतिल्द यांनी आपल्याला काय शिकवलं? सरळ बसा, तोंड मिटून चावा, आणि तहानलेल्याला पाणी द्या. पहिल्या दोन गोष्टी तू केव्हाच सोडल्यास, पण तिसरी मी सोडलेली नाही. यंदा त्यांचा रमजान आणि आपला मोठा उपास एकाच वेळी आले, त्यामुळे अख्खी इमारत उपाशी. संध्याकाळी रोजा सोडायची तोफ होते, रस्त्यावर चिटपाखरू राहत नाही, आणि प्रत्येक खिडकीतून पेले भरल्याचा आवाज येतो. कप्तान आत खजूर आणि सूप घेऊन बसलेले. खालच्या गल्लीतली मांजरंसुद्धा कोणाच्या ना कोणाच्या पानाशी पोचलेली. सगळ्या अलेक्झांड्रियाच्या घशाखाली पाणी उतरतं आहे आणि गच्चीवर ते एकटं झाड कोरड्या तोंडाने उभं. मला बघवेना. मी झारी भरली, भिंतीवरून वाकले आणि त्याला इफ्तार दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. मग रोजच. शुक्रवारी दोनदा, कारण शुक्रवार त्यांचा मोठा दिवस.

एकदा सकाळी पाहते तो कप्तान पिंपाच्या मातीत बोट खुपसून उभे. मग ते बोट वर धरून म्हणाले, मदाम, यंदा दव फार पडतंय. मी म्हटलं, फारच. (यात खोटं काय आहे? दव पडतच होतं. किती पडत होतं असं त्यांनी विचारलं नाही.)

आणि ताई, त्या झाडाने काय रूप घेतलं म्हणून सांगू! वळलेली पानं सरळ झाली, फांद्याफांद्यांना नवी पालवी फुटली, कोवळी, चकचकीत, तेल लावल्यासारखी. फूल मात्र एकही नाही. मला वाटलं, आधी अंग धरू दे, दागिने मागून. पण उपकार करून मूग गिळून बसणं किती अवघड असतं ते तुला माहीत आहे, निदान मला तरी माहीत आहे, आणि एका सकाळी माझ्या तोंडून निघून गेलं की कप्तान, असं हिरवंगार झाड अख्ख्या इब्राहिमियात नाही. एवढंच म्हटलं. पुढे त्यांचं "माशाल्ला" किंवा आपलं "क्रुसाच्या नावाने" जोडायचं राहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मदाम नेमत, ज्यांची कपड्यांची दोरी आमच्याच गच्चीवर आहे, तेव्हा कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या तोंडात चिमटा होता. तो तसाच राहिला. मी नजर-बिजर मानत नाही हे तुला माहीत आहे. (माझ्या मोगऱ्याच्या डब्याला जो निळा मणी बांधला आहे तो शोभेचा आहे.)

मग थोरलं ऊन आलं आणि गेलं. गल्लीतली सगळी लिंबं फुलली, चर्चच्या अंगणातलं म्हातारं झाडसुद्धा फुललं, वास थेट जिन्यात यायचा. आणि कप्तानांच्या झाडावर पानं, पानं आणि पानं. एका सकाळी उठून पाहते तो त्यांच्या कठड्यावर नजर परतवणारा निळा काचेचा पंजा टांगलेला, पाची बोटं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे रोखलेली. मी चौकशी केली तेव्हा कळलं की इमारतीत सगळ्यांना सगळं माहीत आहे: मदाम इन्साफने कौतुक केलं, अल्लाचं नाव घेतलं नाही, आणि झाड वांझ झालं. बंदरं पालथी घातलेला, होकायंत्रावर आयुष्य काढलेला माणूस! मी म्हटलं, कप्तान, हे तुम्हाला शोभत नाही. ते म्हणाले, पंजा भाचीने आणला, टांगला नाही तर तिला वाईट वाटेल. पुढच्या रविवारी उम्म रेदा शेगडी घेऊन वर आली.

उम्म रेदा म्हणजे आमच्या दरवानाची बायको. ती दृष्ट काढते. तापाची काढते, लग्न न जमण्याची काढते, मागे लिफ्ट बंद पडली तेव्हा लिफ्टचीही काढली होती. (लिफ्ट अजून बंद आहे.) तिने निखाऱ्यांवर धूप टाकला, तुरटीचा खडा झाडावरून ओवाळला आणि तोही निखाऱ्यांत टाकला. तुरटी फुगते, फसफसते आणि गार झाली की ज्याची नजर लागली त्याचं रूप घेते, अशी समजूत आहे. प्रेक्षक म्हणून मदाम नेमत होत्या, कप्तान हात मागे बांधून वाऱ्याची दिशा बघत असल्याचा बहाणा करत होते, आणि मी भिंतीच्या माझ्या बाजूला माझ्या पुदिन्याची निगा राखत होते, जो माझा हक्क आहे. उम्म रेदाने चिमट्याने तो गोळा उचलून ताटलीत ठेवला. सगळे वाकले, कप्तानसुद्धा.

"नाक बघा," मदाम नेमत म्हणाल्या.

"कुणाचं?" मी विचारलं.

तिघांनी आधी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग सभ्यपणे समुद्राकडे.

मी ताटली मागून घेतली. ताई, हे मी फक्त तुलाच सांगते, आणि तेही कारण ते नाक तुलाही आहे: हुबेहूब. मधला उंचवटा, खालचा वळसा, डावी नाकपुडी किंचित मोठी. आजोबा मिखाईल यांचा त्या दिवाणखान्यातल्या फोटोतला चेहरा जसाच्या तसा. म्हणजे खरं पाहता संशय तुझ्यावरही जायला हवा होता, पण तू कैरोत, सुरक्षित. मी तिथे उभी राहून विचार केला. गप्प राहिले तर जन्मभर या जिन्यात मी नजर लावणारी म्हातारी. नव्या बाळाच्या तोंडावर पदर ओढला जाईल, मी वर जाताना लोक आपल्या कुंड्या आत घेतील. आणि बोलले तर चोरून पाणी घालणारी. दोन्हींत मला दुसरं जास्त ख्रिस्ती वाटलं.

"नजर नाही, पाणी," मी म्हटलं. "मी घातलं."

कप्तान वळले. "कधीपासून?"

"रमजान लागल्यापासून. तोफ झाली की."

"रोज?"

"शुक्रवारी दोनदा."

ते खाली बसले, माझ्या उपड्या ठेवलेल्या तुपाच्या डब्यावर, माझ्या हद्दीत, न विचारता. मग अगदी हळू आवाजात (एवढा हळू आवाज त्यांच्याकडे आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं) म्हणाले, "मदाम इन्साफ, ते झाड उपासाला बसवलं होतं."

आता ऐक. रशीद गावाला त्यांच्या मावसभावाची बाग आहे. तिथे म्हणे लिंबाला ताण देतात. पाणी तोडायचं, पानं वळेपर्यंत तोडायचं, काळजावर दगड ठेवून तोडायचं, आणि मग एके दिवशी पोटभर पाजायचं. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि ते जीव तोडून फुलतं. अशा तऱ्हेने झाड धमकावून फुलवणं मला आजही पटलेलं नाही, पण मावसभावाची लिंबं मी खाल्ली आहेत आणि त्यांबद्दल माझी तक्रार नाही. कप्तानांनी ठरवलं होतं की ईदच्या सकाळी, नमाजाहून आल्यावर, आपला आणि झाडाचा उपास बरोबर सोडायचा. हे मला त्यांनी तिथे डब्यावर बसून सांगितलं.

"मग हे आधी सांगायचं होतं," मी म्हटलं.

"आधी सांगितलं की नजर लागते."

हे मला! माझ्या तोंडावर, माझ्याच डब्यावर बसून! मदाम नेमतचा चेहरा पडला होता, कारण याचा अर्थ नजर नव्हतीच. उम्म रेदा मात्र ताटली उचलून खूश होती. म्हणाली, "बघा, माझी तुरटी चुकली नाही. जिने केलं तिचंच नाक आलं."

त्या दिवसापासून कप्तानांनी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिवी नाही, ते मी समजू शकले असते आणि उत्तरही दिलं असतं. नुसतं बोलणं टाकलं. सकाळी गच्चीवर येतात, मान लववतात, आणि आपल्या पिंपांच्या रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहतात. हवेबद्दल जे काय म्हणायचं ते रेडिओशी म्हणतात. रेडिओ काय बोलणार? उलट बोलण्याची त्याला अक्कल नाही. परवा मला स्पष्ट दिसत होतं की ढग नैर्ऋत्येकडून येताहेत आणि रेडिओ वायव्येकडून म्हणत होता, आणि कप्तान ते निमूट ऐकून घेत होते. मला कॉफी कडू लागायला लागली. तू म्हणशील बंद दाराआड एकटीने पी. पिऊन पाहिली. दमा वाढला.

आणि आता अव्वाचं ऐक, जे मी कधी माफ करणार नाही. दर वर्षी अव्वा यायच्या आदल्या संध्याकाळी कप्तान भिंतीवर ठोकून सांगतात, मदाम, कुंड्या आत घ्या. मी म्हणते, बरमहातमध्ये वादळ होत नाही. आणि घेते. यंदा ठोकलं नाही. मी वाट पाहिली, मग झोपले. पहाटे छपराचे पत्रे वाजायला लागले तेव्हा उठून दार उघडायला गेले तर वाऱ्याने दार मला उघडू देईना. सकाळी पाहिलं. जिरेनियमचे दोन डबे उडून खालच्या न्हाव्याच्या दारात. पुदिना पालथा. आणि मोगरा, माझा मोगरा, जागच्या जागी उभा, पण कसा? त्याचा डबा जाडजूड दोरखंडाने कठड्याला बांधलेला. म्हणजे हा मनुष्य भर वादळात भिंत ओलांडून माझ्या हद्दीत आला, माझ्या झाडाला माझ्या परवानगीशिवाय हात लावला, आणि अशी गाठ मारून गेला जी मला सुटली नाही, उम्म रेदाला सुटली नाही, आणि खालच्या न्हाव्याला त्याच्या कात्रीने कापता आली नाही. तोंडाने दोन शब्द सांगायला जड होते, दोरखंड ओढायला नव्हता. भिजून चिंब झाले असतील, त्या वयात. दोन दिवस खोकत होते. भिंतीतून ऐकू येत होतं. मी लिंबाचा रस आणि मध पाठवणार होते, पण लिंबाचा रस पाठवणं त्या परिस्थितीत बरं दिसलं नसतं.

त्यात ईद आली. दर ईदला कप्तानांकडून काहकची बशी येते, ती पिठीसाखर भुरभुरलेली ईदची बिस्किटं. मला मोठ्या उपासात तूप चालत नाही, म्हणून मी ती डब्यात भरून ईस्टरच्या सकाळपर्यंत ठेवते आणि रोज डबा उघडून वास घेते. (वास घेतल्याने उपास मोडत नाही. मी विचारून घेतलं आहे.) यंदा बशी आली नाही. मदाम नेमतकडे गेली, दरवानाकडे गेली, न्हाव्याकडे गेली. माझ्या दारासमोरून तीन वेळा ताटं खाली गेली. मी भोकातून बघत नव्हते, दार पुसत होते.

तर झालं एवढं. जिथे माणसाला हवेबद्दल बोलायला शेजारी उरला नाही, तिथे समुद्र घेऊन काय करू? तुझ्याकडे हवाच नाही, म्हणजे बोलायचा प्रश्नच येत नाही. खोली उघडून वारा घाल, पलंग खिडकीशी लाव, आणि रमसीसला म्हणावं ईस्टर झाला की गाडी घेऊन ये. मोगरा मी बरोबर आणणार आहे, दोरखंडासकट, कारण गाठ सुटत नाही. रमसीसला आशीर्वाद, त्याच्या बायकोला तिने न विचारताही आशीर्वाद.

तुझी, सामान बांधायला बसलेली,
इन्साफ

ता. क. पाकीट बंद करायच्या आत उम्म रेदा आली, बशी घेऊन. म्हणाली, कप्तानांनी सांगायला सांगितलंय की तुपातली नाहीत, तेलातली आहेत, तुमच्या उपासाला चालतील. ओळखीच्या बेकरीवाल्याने नाही म्हटलं, दुसऱ्याने ईदची गर्दी ओसरू द्या म्हटलं, म्हणून उशीर झाला. मी खात्री करण्यासाठी एक खाल्लं. एकाने खात्री होईना. तूप खरंच नाही. कप्तानांची बेकरीत जाऊन उपासाची बिस्किटं मागायची हिंमत मानली पाहिजे, ती मागायला पाठवणारी बायको घरात नसताना. खोलीला पडदे घ्यायची घाई करू नकोस.

ता. क. आणखी एक. आज सकाळी ते भिंतीशी आले. वारा पश्चिमेचा आहे, म्हणाले. मी म्हटलं, डोळे तपासून घ्या, उत्तरेचा आहे. मग आम्ही अर्धा तास बोललो. मोगऱ्याची गाठ त्यांनी एका हाताने सोडली, मला बघायला लावून पुन्हा बांधली, आणि म्हणाले आता तुम्ही बांधा. मला जमली नाही. उद्या पुन्हा शिकवणार आहेत. ते म्हणतात या वयात सहसा महिनाभर लागतो. कोणाच्या वयात, ते मी विचारलं नाही. पंजा त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडून फिरवून आता मदाम नेमतच्या कपड्यांच्या दोरीकडे केला आहे. पलंग हलवायची गरज नाही.

ता. क. शेवटचं, आणि खरं काम हेच. पाकीट आता फाटायला आलं आहे, पण हे लिहिणं भाग आहे. काल संध्याकाळी कप्तानांनी आधी दोरीवर कोणी कपडे काढत नाही ना ते पाहिलं, मग भिंतीवरून वाकून म्हणाले, "मदाम, बौना महिन्यात झाडाला पुन्हा उपासाला बसवतोय. तुम्हाला आधी सांगून ठेवतो. आणखी कुणाला सांगितलेलं नाही." ताई, भाचीलासुद्धा नाही. ज्या माणसाने तुरटीत माझं नाक पाहिलं, त्याने. (तुला सांगितलं तर चालतं, तू कैरोत आहेस.) मी मान हलवली. आता हे गुपित माझ्या अंगावर असताना मी इमारत सोडून जाऊ शकत नाही हे उघड आहे. तेव्हा खोली त्या दातांच्या मुलीला देऊन टाक आणि तिला माझ्याकडून शुभेच्छा कळव.

पण बौनातलं ऊन तुला माहीत आहे. पानं वळतील, अशी की दगडाला दया यावी, आणि संध्याकाळी गच्चीवर कोणी नसेल, आणि मी असेन, भरलेल्या झारीसह. मी स्वतःला ओळखते. म्हणून तूच इकडे ये, दोन आठवडे, आणि सूर्य मावळला की झारी माझ्या हातातून काढून घेऊन बस. जिन्यात कोणी विचारलं, तर हवापालटाला आले म्हणून सांग.